आधी टेबल, मग खोली: शहराबाहेरच्या आलिशान हॉटेलातला मुक्काम आणि तिथलं रात्रीचं जेवण

मुंबईहून कर्जत, लोणावळा, इगतपुरी, नाशिक किंवा अलिबागच्या बाजूला एखाद्या मोठ्या हॉटेलात दोन रात्री राहायला जाताना बहुतेक जण कामं उलट्या क्रमाने करतात. आधी खोली बुक होते, मग गाडी ठरते, आणि शनिवारी रात्री साडेआठला रिसेप्शनवर विचारलं जातं, "जेवायला कुठे जायचं?" तेव्हा कळतं की ज्या रेस्टॉरंटचे फोटो पाहून पैसे भरले ते आज पूर्ण भरलंय, किंवा तिथला शाकाहारी मेनू आदल्या दिवशी सांगावा लागतो. मग बुफेच्या रांगेत उभं राहावं लागतं.

मुंबईत एक रेस्टॉरंट भरलं तर त्याच गल्लीत दुसरं मिळतं. घाटावर किंवा शेतांच्या मधोमध असलेल्या हॉटेलात तसं होत नाही. तिथलं फाइन डायनिंग म्हणजे अनेकदा वीस-तीस माणसांची बसायची जागा. मासे, चीज, भाजी असा सगळा माल आदल्या दिवशीच मागवलेला असतो, आणि कोर्स, म्हणजे एकामागून एक येणारे पदार्थ, किती ताटं निघणार ते धरून आखलेले असतात. ऐन वेळी सांगितलेली गोष्ट शेफला मनात असूनही करता येत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: जेवण, खोली, रस्ता, आणि त्यानंतर बाकीचं.

## १. तारीख धरण्याआधी हॉटेलला फोन

बुकिंग साइटवर न दिसणाऱ्या गोष्टी फोनवरच कळतात. हे विचारा:

- फाइन डायनिंग रेस्टॉरंट आठवड्यातले कोणते दिवस चालू असतं? काही ठिकाणी सोमवार-मंगळवार बंद असतं, काही ठिकाणी पावसाळ्यात बंद.
- बसायची वेळ ठरलेली आहे का? 'साडेसात आणि साडेनऊ' अशी दोन सीटिंग असतील तर मधल्या वेळी टेबल मिळत नाही.
- मुलांना प्रवेश आहे का, आणि किती वर्षांपासून?
- त्या तारखांना हॉटेलात लग्न किंवा कंपनीचा कार्यक्रम आहे का?

शेवटचा प्रश्न लोक विचारतच नाहीत, आणि सगळ्यात जास्त मनस्ताप त्यातूनच होतो. मुंबईच्या आसपासची अशी बरीच हॉटेलं लग्नांवर चालतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत लॉनवर हळद, संगीत, डीजे असतो. रात्री १० नंतर मोकळ्या जागेत लाउडस्पीकर लावायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार बंदी आहे, पण दहापर्यंत तुमच्या जेवणाचे पाच कोर्स होऊन गेलेले असतात. लग्न असेल तर तारीख बदला. ते शक्य नसेल तर लॉनपासून सगळ्यात लांबची खोली मागा.

वाइन किंवा कॉकटेलसाठी जाणार असाल तर ड्राय डे पाहा. २ ऑक्टोबरसारखे दिवस लक्षात असतात, पण निवडणुका निसटतात. ज्या भागात मतदान आहे तिथे मतदान संपण्याआधीचे ४८ तास दारूविक्री बंद असते. मुंबईत मतदान नसलं तरी हॉटेलच्या तालुक्यात असू शकतं. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ आहे, कडक दारूसाठी २५. २३ वर्षांच्या मुलाला व्हिस्की नाकारली तर त्यात वेटरचा दोष नाही.

पडताळणी: चारही उत्तरं आणि ती देणाऱ्याचं नाव तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक फोनला ते कामी येतं.

## २. टेबल आणि पथ्यपाणी, दोन्ही लेखी

टेबल फोनवर धरलं तरी ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर पक्कं करून घ्या. रिझर्व्हेशन विभागाने ऐकलेलं स्वयंपाकघरापर्यंत पोचतंच असं नाही. लेखी मजकूर मात्र जसाच्या तसा पुढे पाठवला जातो. साधारण असा लिहा (टेस्टिंग मेनू म्हणजे शेफनेच ठरवलेले, छोट्या छोट्या वाढपाचे अनेक कोर्स):

"नमस्कार. शनिवारी रात्री ८ वाजता चौघांसाठी टेबल हवं आहे, टेस्टिंग मेनू. दोघं मांसाहारी. एक शाकाहारी, अंडं चालत नाही, जिलेटिन आणि फिश सॉसही नको. एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, कूट आणि शेंगदाणा तेलही चालणार नाही. कृपया शेफना कळवून लेखी उत्तर द्यावं."

'व्हेज' एवढाच शब्द लिहिलात तर पुरत नाही. पाश्चात्त्य पद्धतीच्या स्वयंपाकात शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थांत बरंच काही दडलेलं असतं. पान्ना कोट्टा आणि मूस सेट व्हायला जिलेटिन लागतं, आणि ते प्राण्यांपासून बनतं. अस्सल पार्मेजान चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने विरजतात. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये आणि वूस्टरशायर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो. थाई करी पेस्टमध्ये कोळंबीची पेस्ट, आणि सूपचा आधार म्हणजे कोंबडीचा स्टॉक, हाडं उकळून काढलेलं पाणी. ब्रेडवर चकाकी येण्यासाठी अंडं फासलेलं असतं. चांगल्या स्वयंपाकघरात या प्रत्येकाला पर्याय असतो. जिलेटिनऐवजी समुद्री शेवाळापासूनचं अगर-अगर, कोंबडीच्या स्टॉकऐवजी भाज्यांचा. पण त्यासाठी किमान ४८ तास आधी कळायला हवं.

जैन जेवण: कांदा, लसूण, कंदमुळं वर्ज्य हे शेफना माहीत असतं. अडचण वेळेची होते. डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईच्या आसपास सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि रेस्टॉरंट साडेसातला उघडतं. चौविहार (सूर्यास्तानंतर काही न खाण्या-पिण्याचा नियम) पाळणारं कुणी असेल तर त्यांचं जेवण साडेपाचला खोलीत किंवा व्हरांड्यात वाढून मिळेल का ते आधीच विचारा. बहुतेक ठिकाणी मिळतं.

उपवास: संकष्टी आहे का ते कॅलेंडरवर बघा. चंद्रोदयानंतर सोडायच्या उपवासाला साडेसातचं सीटिंग उपयोगाचं नाही, उशिराचं घ्या. एकादशी असेल तर 'फास्टिंग मेनू' असं मोघम लिहू नका. उत्तरेकडच्या शेफच्या लेखी उपवास म्हणजे कुट्टूचं पीठ. आपल्याला वरई, साबुदाणा, रताळं, दाण्याचं कूट लागतं, तर तीच नावं लिहा. हळद-मोहरी चालत नसेल तर तेही.

इशारा: ॲलर्जी आणि नावड वेगवेगळ्या लिहा. वांगं आवडत नाही म्हणून 'ॲलर्जी' लिहिलंत तर स्वयंपाकघर वेगळी भांडी, वेगळा तवा लावतं आणि पूर्ण टेबलाचा वेग मंदावतो. तसं वारंवार झालं की खऱ्या ॲलर्जीकडेही दुर्लक्ष व्हायला लागतं, आणि ते जिवावर बेतू शकतं.

वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस असेल तर केक याच संदेशात मागा. बाहेरून केक आणू देतात का, हेही विचारा. अनेक ठिकाणी परवानगी नसते.

## ३. खोली, प्लॅन आणि खरा हिशोब

टेबलाचं लेखी उत्तर आल्यावरच खोलीचे पैसे भरा. दराशेजारी जी अक्षरं असतात ती नीट वाचा. ईपी म्हणजे फक्त खोली. सीपी म्हणजे नाश्ता धरून. एमएपी म्हणजे नाश्ता आणि आणखी एक जेवण. एपी म्हणजे तिन्ही वेळचं.

सगळ्यात जास्त फसगत एमएपीमध्ये होते. त्यातलं 'रात्रीचं जेवण' जवळजवळ नेहमी मुख्य हॉलमधला बुफे असतो. फाइन डायनिंगला त्याचे पैसे वळते होतात का, आणि किती, ते लेखी घ्या. होत नसतील तर सीपी घ्या आणि जेवणाचे वेगळे भरा. एकाच रात्रीच्या दोन जेवणांचे पैसे देण्यात अर्थ नाही.

कराचं गणित २२ सप्टेंबर २०२५ पासून बदललंय. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी, त्याच्या वर १८ टक्के. म्हणजे ७,४०० ची खोली ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. अशा सीमेवरच्या दरात दोनशे रुपयांचा फरक बाराशेवर जातो. या लेखातली बहुतेक हॉटेलं ७,५०० च्या बरीच वर असतात. तिथल्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावरही १८ टक्के लागतात, शहरातल्या नेहमीच्या हॉटेलसारखे ५ नाहीत. मद्यावर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो.

उदाहरणादाखल दोघांचा एक रात्रीचा हिशोब: खोली १८,०००, करासह २१,२४०. टेस्टिंग मेनू माणशी ४,५००, दोघांचे ९,०००, करासह १०,६२०. म्हणजे पेयं, स्पा आणि गाडी धरायच्या आधीच ३१,८६०. साइटवर मात्र '१८,०००' दिसलेलं असतं.

खोलीची नावं फोटोवरून ठरवू नका. 'व्हॅली व्ह्यू' आणि 'पार्शियल व्हॅली व्ह्यू' यांत झाडांची एक रांग आड येते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खोलीपासून रेस्टॉरंटपर्यंत किती पायऱ्या आहेत. डोंगरउतारावरच्या हॉटेलात खोल्या टप्प्याटप्प्याने खाली बांधलेल्या असतात. आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर बग्गी थेट दारापर्यंत येते का आणि रात्री ११ नंतर मिळते का, हे विचारल्याशिवाय कोपऱ्यातला व्हिला घेऊ नका.

पैसे भरताना:

- वेबसाइटचा पत्ता नीट तपासा. नामांकित हॉटेलांच्या नावाने खोट्या साइट आणि खोटे फोन नंबर फिरत असतात. व्यक्तीच्या नावाच्या यूपीआय खात्यात पैसे मागितले की तिथेच थांबा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवा.
- दोन हजार वाचवण्यासाठी नॉन-रिफंडेबल दर घेऊ नका, पावसाळ्यात तर नाहीच.
- २४ आणि ३१ डिसेंबरला 'गाला डिनर' सक्तीचं असतं का ते विचारा. असेल तर त्या रात्री फाइन डायनिंग बंद असण्याचीच शक्यता जास्त.
- खाजगी टॅक्सीने जाणार असाल तर ड्रायव्हरच्या झोपायची आणि जेवायची सोय विचारा. आडवाटेला त्याला बाहेर काही मिळत नाही, आणि रात्रभर गाडीत झोपलेल्या माणसाच्या हातात दुसऱ्या दिवशी घाटात स्टिअरिंग देणं धोक्याचं आहे.

## ४. घड्याळ जेवणापासून मागे फिरवा

आठचं टेबल असेल तर साडेसहापर्यंत खोलीत आंघोळ करून निवांत बसलेलं असायला हवं. चेक-इन साधारण २ किंवा ३ वाजता असतं. म्हणजे दुपारी तीनला पोचायचं ठरवा, आणि निघायची वेळ त्यावरून काढा.

लोणावळा, खंडाळा, मुळशी: शनिवारी सकाळी सात ते अकरा या वेळात एक्स्प्रेस वेवर बोरघाटात गाड्या अडकतात. सहाच्या आत निघा, नाहीतर सरळ घरी जेवून बारानंतर निघा. खोली तीनला मिळणार असेल तर पहाटे उठून काही साधत नाही.

इगतपुरी, नाशिक: जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो. खरा वेळ भिवंडीजवळ आमण्यापर्यंत पोचण्यातच जातो, तो धरून चाला. महामार्गावर चढण्याआधीच पेट्रोल किंवा सीएनजी भरून घ्या.

अलिबाग: गाडी घेऊन भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, साधारण तासाभराचा प्रवास. शनिवार-रविवारच्या गाड्यांच्या जागा आधी संपतात, त्यामुळे खोलीच्याच दिवशी रो-रोही बुक करा. गेटवेहून सुटणाऱ्या लाँचेस पावसाळ्यात बंद असतात.

हॉटेलचं लोकेशन मॅपवर शोधू नका, त्यांच्याकडून पिन मागवा. मॅप अनेकदा मागच्या गेटवर किंवा गावातल्या बैलगाडीच्या रस्त्यावर नेऊन सोडतो, आणि तिथे मोबाइलला रेंज नसते. पिन मिळाली की तो भाग ऑफलाइन उतरवून ठेवा.

इशारा: वाटेतलं खाणं. फूड मॉलवर वडापाव, मग मिसळ, पोचल्यावर पाच वाजता हाय टी आणि भजी. आठ वाजता सात कोर्स समोर येतात तेव्हा तिसऱ्यालाच हात आखडतो. साडेचार हजारांचं ताट वाया जाण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. दुपारी एकला हलकं जेवा, पाचला फक्त चहा.

## ५. बॅगेत काय

प्रत्येक प्रौढाचं पत्त्यासह ओळखपत्र लागतं: आधार, पासपोर्ट किंवा वाहन परवाना. पॅन कार्डावर पत्ता नसतो, ते बहुतेक ठिकाणी चालत नाही. आधारची मास्क केलेली, म्हणजे सुरुवातीचे अंक झाकलेली, प्रत द्या.

रेस्टॉरंटसाठी एक जोडी कपडे वेगळे ठेवा. 'स्मार्ट कॅज्युअल' म्हणजे पुरुषांना कॉलरचा शर्ट, फुल पँट आणि बंद बूट. साडी, कुर्ता सगळीकडे चालतात. बर्म्युडा आणि स्लीपर चालत नाहीत. पूलसाठी नायलॉनचे कपडे घ्या, सुती कपड्यांनी उतरू देत नाहीत. थंडीत शाल हवीच, कारण टेबल बाहेर मांडलेलं असलं तर नऊनंतर गारवा चांगलाच जाणवतो. पावसाळ्यात पायवाटेने फिरणार असाल तर जळवांसाठी लांब मोजे आणि मीठ.

## ६. खोलीत शिरल्यावर पहिली पंधरा मिनिटं

बॅगा उघडण्याआधी खोली तपासा. एकदा सामान पसरलं की खोली बदलायचा कंटाळा येतो आणि दोन रात्री कुरकुरत काढाव्या लागतात.

१. नाक वापरा. पावसाळ्यात आणि त्यानंतर बंद खोल्यांना ओलीचा कुबट वास येतो. रूम फ्रेशनरचा भपका असेल तर पडद्याचं कापड हातात धरून वास घ्या.
२. गरम पाणी सोडून पाहा. सोलर असेल तर पावसाळी दिवशी मागे बॉयलर आहे का ते विचारा.
३. एसी लावा आणि दोन मिनिटं आवाज ऐका.
४. खिडकीच्या जाळ्या आणि बाल्कनीची कडी बघा. माकडं असतील तर ती कडी फार महत्त्वाची.
५. मिनीबारमधल्या वस्तू मोजा, फोटो काढून ठेवा.

मग रिसेप्शनला एकच फोन: "आठचं टेबल, चौघं, आणि शेंगदाण्याच्या ॲलर्जीची नोंद स्वयंपाकघरात आहे ना?" शक्य असेल तर रेस्टॉरंटच्या मॅनेजरशीच बोला. स्पा घ्यायचा असेल तर तीन ते पाचमध्ये, जेवणानंतर कधीच नाही.

## ७. टेबलावर

वेळेवर पोचा. टेस्टिंग मेनूला अडीच ते तीन तास लागतात आणि उशिरा आलेल्या टेबलाचे कोर्स घाईने येतात.

बसल्या बसल्या येणारा पहिला प्रश्न पाण्याचा असतो: स्टिल की स्पार्कलिंग? दोन्हींचे पैसे लागतात. हॉटेलं बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलंय. नको असेल तर "साधं फिल्टरचं पाणी द्या" एवढं म्हणा. त्यात कमीपणा काही नाही.

काटे-चमचे बाहेरून आत वापरत जायचे, प्रत्येक कोर्सला बाहेरची जोडी. डावीकडची छोटी बशी ब्रेडची, उजवीकडचे ग्लास तुमचे. गोल टेबलावर शेजाऱ्याचा ब्रेड उचलला जातो तो इथेच चुकून. मध्ये थांबायचं असेल तर सुरी-काटा ताटात एकमेकांपासून लांब ठेवा. संपलं की दोन्ही शेजारी शेजारी. ते पाहूनच ताट उचललं जातं. रोटी-भाकरीसारखा पदार्थ आला तर हाताने खा, बोटं धुवायला वाटी मागा.

सुरुवातीला येणारा एका घासाचा पदार्थ स्वयंपाकघराकडून असतो, तुम्ही न मागितलेला. चूक झाली असं समजून परत पाठवू नका. ब्रेड मात्र जपून खा, तो गरम आणि चविष्ट असतो आणि पोट तिथेच भरतं. मधेच आंबट-गार सरबत किंवा सॉर्बे आलं, अनेकदा कोकमाचं, तर जेवण संपलेलं नाही. ते पुढच्या कोर्सआधी तोंड स्वच्छ करायला असतं.

वाइनची बाटली मागवली की आधी थोडीशी ओततात. ती आवडते का हे विचारायला नव्हे, खराब झालेली नाही ना हे पाहायला. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर लगेच सांगा, बाटली बदलून देतात. वाइन पेअरिंग, म्हणजे प्रत्येक कोर्ससोबत त्याला जुळणारी वाइन, दोघांत एक घेऊन चालतं का विचारा. बऱ्याच ठिकाणी चालतं, आणि सकाळी गाडी चालवायची असेल तर तेच बरं.

पडताळणी: ॲलर्जी असलेल्या माणसाने प्रत्येक ताट ठेवताना "यात शेंगदाणा नाही ना?" हे विचारायचंच. पदार्थात काही बिघडलं असेल, मीठ जास्त किंवा मासा कच्चा, तर दुसऱ्या घासाला सांगा. ताट रिकामं झाल्यावर केलेल्या तक्रारीला काही इलाज उरत नाही.

## ८. बिल आणि परतीचा रस्ता

जेवणाचं बिल खोलीवर टाकत असलात तरी सही करण्याआधी वाचा. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या या सूचना दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये कायम ठेवल्या. वरच्या उदाहरणात ९,००० वर १० टक्के सर्व्हिस चार्ज लागला तर ९०० वाढतात, आणि त्या ९०० वरही १८ टक्के जीएसटी बसतो. बिल १०,६२० ऐवजी ११,६८२ होतं. नम्रपणे काढायला सांगा. काढत नसतील तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. सेवा आवडली असेल तर टिप तुमच्या मनाने, शक्यतो रोख, आणि हाउसकीपिंगच्या माणसांना विसरू नका. त्यांच्यापर्यंत रेस्टॉरंटची टिप पोचतेच असं नाही.

पूर्ण बिल आदल्या रात्रीच मागून ठेवा. सकाळी अकराला रिसेप्शनवर दहा कुटुंबं उभी असतात आणि मिनीबारची चुकीची नोंद काढायला कुणाला वेळ नसतो. कार्डावर अनामत रक्कम अडकवली असेल तर ती सोडल्याचा मेसेज निघण्याआधी पाहून घ्या.

रात्री उशिरापर्यंत वाइन घेतली असेल तर सकाळी लगेच गाडी काढू नका. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल इतकीच आहे, आणि झोपेने ते झटकन उतरत नाही. नाश्ता करा, भरपूर पाणी प्या. रविवारी दुपारी चारनंतर मुंबईकडे येणारे सगळे रस्ते तुंबतात, त्यामुळे बारा ते एक ही निघायची चांगली वेळ. एक दिवस रजा हातात असेल तर रविवारची रात्र तिथेच काढा. रविवारी रात्री बऱ्याच ठिकाणी खोलीचा दर उतरतो, आणि रेस्टॉरंट चालू असेल तर खिडकीजवळचं टेबलही सहज मिळतं.